फेल गेलेला बोअर कसा बुजवायचा?

सिन्नर-येवल्याकडे बांधावर, कधी अंगणातच, सहा इंची केसिंगचं (बोअरच्या नळीचं) तोंड दगडाने झाकलेलं दिसतं. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: "फेल गेला, बंद करून टाकला." दगड ठेवला की बोअर बंद झाला, याबद्दल सहसा कोणी वाद घालत नाही. मी घालणार आहे, आणि त्यासाठी जरा कोळशाच्या खाणीवर जावं लागेल.

नाशिकच्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. कोळसा नाही, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला लागणारा कोळसा दुरून रेल्वेने येतो. तो जिथून निघतो तिथली उघडी खाण संपली की खड्डा काढलेल्याच दगडमातीने भरून वर झाडं लावतात. खाण चालू असताना सतत पाणी उपसल्याने भोवतालची भूजल पातळी खाली गेलेली असते. भराव झाल्यावर ती हळूहळू चढते आणि चढताना फुटक्या खडकातले क्षार विरघळवत येते. खडकात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाण्याशी संयोग होऊन गंधकाम्ल तयार होतं. मेघालयातल्या कोळशात गंधक भरपूर, म्हणून जैंतिया टेकड्यांतले ओढे आम्लधर्मी झाले.

यावर नजर ठेवायला निरीक्षण विहिरी असतात. विहीर म्हणजे खरं तर बारीक नळी, आणि जाळी फक्त तिच्या तळाच्या ठरावीक भागाला, म्हणजे नोंद त्याच थराची मिळते. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यानुसार जमीन पुन्हा हिरवी केल्यावरही खाणवाल्याची जबाबदारी ५ वर्षं राहते, आणि वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस असेल तर १० वर्षं. पुढे नळ्यांची गरज संपते. पण नळी तशीच राहिली तर पाणी तपासायला पाडलेल्या भोकातूनच पाणी बिघडू शकतं.

कसं, ते नाशिकमध्येच बघा. आपल्याकडे वर मुरूम, खाली सच्छिद्र खडक, मग कठीण काळा पाषाण, मध्येच लाल मातीचा पट्टा, पुन्हा तेच. कठीण थर वरचं पाणी अडवून धरतो. बोअर त्यालाच आरपार भोक पाडतो. खालची पातळी उपशाने खोल गेलेली, त्यामुळे वरच्या झिऱ्याचं पाणी नळीतून खाली पडत राहतं. रात्री शांततेत तोंडाशी कान लावला तर आवाजही येतो. शेजारची उथळ विहीर त्यामुळे लवकर आटू शकते, आणि खतांतलं, शौचालयाच्या खड्ड्यातलं नायट्रेट खोल थरात थेट पोचतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. बोअर घेताना पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता, हे सगळे अभिमानाने सांगतात. फेल गेल्यावर नारळाची आठवण कोणी काढत नाही.

हे भोक बुजवायला काय वापरायचं? आता माझी आवडती गोष्ट: बेन्टोनाइट, पाण्यात फुगणारी माती. या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट खनिजाचे पत्रे साधारण एक नॅनोमीटर जाडीचे असतात. पत्र्यातल्या काही ॲल्युमिनियम अणूंच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून पत्र्यावर ऋण भार उरतो. तो फेडायला दोन पत्र्यांमध्ये सोडियमचे आयन (धन भार असलेले अणू) शिरतात. पाणी मिळालं की ते या आयनांभोवती गोळा होतं आणि पत्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात. सोडियमऐवजी कॅल्शियम असेल तर त्याचा दुहेरी भार पत्रे धरून ठेवतो, फुगवटा कमी. चांगलं सोडियम बेन्टोनाइट मोकळ्या पाण्यात दहापटीहून जास्त फुगतं. भोकात फुगायला जागा नसते, म्हणून ते भिंतीवर दाबून बसतं आणि फटी बुजवतं.

आपल्या काळ्या मातीतही हेच खनिज आहे. उन्हाळ्यात रान भेगाळतं आणि घरांच्या भिंती तडकतात ते त्याचमुळे. मग तीच माती बोअरमध्ये का नको? ती भेसळीची, त्यात कॅल्शियम जास्त, आणि वाळली की आक्रसते. वाळल्यावर बेन्टोनाइटही आक्रसतंच, म्हणून पाण्याच्या पातळीच्या वर सिमेंटच बरं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सोडून दिलेले बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरायला सांगितलं. लहान मुलं त्यात पडत होती, त्यामुळे आदेश योग्यच. पण वाळू-गोट्यांतून मूल पडणार नसलं तरी पाणी आरामात जातं.

सहा इंची, ३०० फुटी बोअरमध्ये साधारण १,६७० लिटर माल बसतो. वरून ओतला तर मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते. म्हणून पाइप तळापर्यंत सोडून सिमेंटचा, किंवा पाण्याच्या पातळीखाली बेन्टोनाइटचा, घोळ खालून वर चढवत, पाइप हळूहळू वर ओढत भरायचं. शेवटी केसिंग जमिनीखाली तीन-चार फुटांवर कापून वर माती लोटली की त्यावरून नांगर फिरवता येतो.