जैवरेणू

सजीवांच्या पेशी ज्या संयुगांनी घडतात आणि ज्यांच्यावर त्यांचे सारे व्यवहार चालतात, ती संयुगे म्हणजे जैवरेणू. पेशीत सर्वांत मोठा वाटा पाण्याचा. ते वगळले तर उरतो तो मुख्यतः कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिइक आम्ले यांचा ऐवज. मूलद्रव्ये मोजकीच आहेत: प्रामुख्याने कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस आणि गंधक. अशी संयुगे प्राणशक्तीशिवाय बनत नाहीत, ही समजूत फ्रीडरिक व्होलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार केल्यावर डळमळू लागली.

रेणूत कोणते घटक आहेत, याइतकेच ते कसे जोडले आहेत यालाही महत्त्व असते. बडोद्याची सेव-उसळ घ्या. वाटाण्यातले पिष्ट आणि त्याच्या सालीतले सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. पिष्टात ग्लुकोजचे घटक अल्फा बंधाने जोडलेले असतात, सेल्युलोजमध्ये बीटा बंधाने. लाळेतले व स्वादुपिंडातले अमायलेज हे पाचक विकर फक्त पहिला बंध तोडते, म्हणून पिष्ट पचते आणि सालीतला तंतू तसाच पुढे जातो. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव मात्र सेल्युलोजही फोडतात. उसळीवरच्या तर्रीत मेद असतात. पेशीचे पटल फॉस्फरसयुक्त मेदांच्या दुहेरी थराचे असते. प्रथिने अमिनो आम्लांची बनतात. वाटाणा आणि बेसन यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर, मेथिओनिन हे दुसरे कमी. पावातल्या गव्हात नेमके उलट. एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

प्रथिनांतली अमिनो आम्ले साधारण २० प्रकारची असतात. त्यांचा क्रम किती नाजूक असतो, हे सिकलसेल आजारात दिसते. हा आजार बडोद्याच्या पूर्वेकडील आदिवासी पट्ट्यातही आढळतो. हिमोग्लोबिन या रक्तातल्या ऑक्सिजनवाहू प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. मूळ दोष डीएनएतल्या, म्हणजे आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या न्यूक्लिइक आम्लातल्या, एका अक्षराचा (एका घटकाचा) असतो.

डीएनएतला क्रम आरएनए या दुसऱ्या न्यूक्लिइक आम्लात उतरतो आणि त्यानुसार प्रथिन रचण्याचे काम पेशीतला रायबोसोम करतो. त्याच्या रचनेच्या व कार्याच्या अभ्यासासाठी २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना मिळाले. रामकृष्णन बडोद्यात वाढले. त्यांचे वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते, तर आई राजलक्ष्मी तेथेच पोषणावर संशोधन करीत. रामकृष्णन यांनी स्वतः १९७१ मध्ये या विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. जीवशास्त्राकडे ते नंतर वळले. भौतिकीतून आलेल्या माणसाने क्ष-किरणांच्या साहाय्याने इतक्या मोठ्या रेणूची अणूंपर्यंतची मांडणी उलगडावी, हे विशेष मोलाचे आहे. अमिनो आम्लांची सांधणी रायबोसोममधले प्रथिन करत नाही, आरएनए करते, हेही या संशोधनांतून स्पष्ट झाले. जिवाणूंचा रायबोसोम आपल्या पेशींमधल्या रायबोसोमपेक्षा वेगळा असतो. त्यामुळे टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके जिवाणूंच्या रायबोसोमला चिकटून त्यांची प्रथिननिर्मिती रोखतात.