सातबाऱ्यावरचा 'वर्ग-२' आला कुठून?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगले, कागल, कुठल्याही तालुक्यातला सातबारा हातात घ्या. वरच्या बाजूला 'भू-धारणा पद्धती' लिहिलेली असते आणि तिच्यापुढे 'भोगवटादार वर्ग-१' (मोकळेपणी विकता येणारी जमीन) किंवा 'वर्ग-२' (विक्रीवर सरकारी अटी असलेली). खाली 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याचं नाव, बोजा, अटी. रान विकायची वेळ येईपर्यंत हे कोणी वाचत नाही. खरं तर घराण्याचा शंभर वर्षांचा इतिहास तिथेच असतो.

कोल्हापूर संस्थानच्या काळात बरीचशी जमीन इनामाची किंवा वतनाची असायची. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या तर आख्ख्या जहागिऱ्याच. गावकामगाराला पगाराऐवजी जमीन मिळे. महार वतनदाराच्या वाट्याला यायचा तुकडा, आणि त्या तुकड्यापायी घरादाराला रात्रंदिवस राबावं लागायचं. शाहू महाराजांनी १९१८ साली ही वतनं मोडली आणि जमिनी रयतावा, म्हणजे साध्या शेतसाऱ्याच्या, करून त्याच माणसांच्या नावे केल्या. त्याच वर्षी कुलकर्णी वतन जाऊन पगारी तलाठी आला. सुधारणांमध्ये शाळा-वसतिगृहांचं नाव आधी निघतं. माझ्या लेखी हा निर्णय त्यांच्याच तोडीचा आहे. जमीन राहिली आणि वेठ गेली, हे दोन्ही एकदम घडलं.

मुंबई राज्यात महार वतनासारखी कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. त्यात जमिनी परत दिल्या, पण 'नवीन शर्ती'वर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत अशी ती शर्त, म्हणून वर्ग-२.

१ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि मुंबईचा १९४८ चा कूळ कायदा इथेही आला. १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक ठरलं. कायद्याच्या कलम '३२ ग'खाली किंमत ठरायची, ती फेडली की '३२ म'चा, म्हणजे खरेदीचा दाखला. जुन्या पत्र्याच्या पेटीत हा कागद अजून जपलेला सापडतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर दाखल्याला दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा सरकारला भरून अशी जमीन विकता येते.

देवस्थानच्या रानात मात्र गाडं अडलं. धार्मिक न्यासांच्या जमिनी कूळ कायद्याच्या कलम ८८ ब खाली, काही अटींवर, कुळाच्या मालकीतून वगळल्या गेल्या. अंबाबाई, जोतिबासह शेकडो देवळांच्या इनामी जमिनी कसणारे म्हणूनच पिढ्यान् पिढ्या खंड भरत राहिले. देवाची जमीन विकली जाऊ नये, हे मला पटतं. पण तीन पिढ्या घाम गाळणाऱ्याला वहिवाटीची तरी खात्री हवीच.

गायरानाचं आणखी वेगळं. गाव त्याला 'आपलं' म्हणतं, पण सातबाऱ्यावर नाव असतं सरकारचं; गावाला असतो तो गुरं चारायचा हक्क. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, राज्याचा शासन निर्णय १२ जुलै २०११ चा. गायरानातली अतिक्रमणं काढायच्या उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या आदेशानंतर प्रश्न थेट उंबऱ्याशी आला. कारण गायरानावर धनदांडग्यांची कुंपणं आहेत, तशी गावठाणात जागाच न मिळालेल्या भूमिहीनांची दोन खणांची घरंही आहेत, आणि अतिक्रमणाच्या यादीत दोघांचीही नोंद एकाच शब्दात होते.