वायफायच्या रेघा पूर्ण, तरी इंटरनेट का नाही?

मोबाइलच्या कोपऱ्यात वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते, त्याला चिकटून एक बारीक उद्गारचिन्ह असते आणि एकही पान उघडत नाही. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक जण 'रेंज तर फुल्ल आहे' असे सांगतो आणि तपास तिथूनच भरकटतो. त्या रेघा मोबाइलपर्यंत पोहोचणाऱ्या रेडिओ लहरींची ताकद दाखवतात, आणि तीही मोबाइल व घरातला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय हवेत सोडणारी पेटी, यांच्यातल्या काही मीटरच्या टप्प्यापुरतीच. त्या टप्प्यापलीकडे काय चालले आहे, याची रेघांना काहीच खबर नसते.

ॲक्सेस पॉइंट साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, 'बीकन' नावाचा छोटा संदेश हवेत सोडत असतो. नेटवर्कचे नाव, सुरक्षेचा प्रकार, कोणते वेग चालतील, अशी माहिती त्यात असते. इंटरनेट सुरू आहे की नाही, याचा त्यात उल्लेख नसतो. म्हणूनच मागची केबल उपटून टाकली तरी बहुतेक ॲक्सेस पॉइंट आपले नाव पूर्वीच्याच जोमाने जाहीर करत राहतात. उद्गारचिन्हाचे तसे नाही. वायफायला जोडल्यावर मोबाइल गुपचूप एका ठरलेल्या सर्व्हरकडे छोटीशी विचारणा करतो. अँड्रॉइडच्या बाबतीत या विचारणेला '२०४', म्हणजे 'विनंती पोहोचली, पाठवण्यासारखे काही नाही', असे उत्तर अपेक्षित असते. ते आले नाही की उद्गारचिन्ह उमटते. रेघांपेक्षा हे चिन्ह जास्त विश्वासाचे.

आता घरातल्या पेट्यांची कामे वेगळी करून पाहणे गरजेचे आहे. निव्वळ ॲक्सेस पॉइंट हा फक्त रेडिओ आणि केबल यांना जोडणारा दुवा असतो. हवेतून आलेली माहिती तो तारेवर चढवतो आणि तारेवरची हवेत सोडतो. उपकरणांना पत्ते वाटणे, घरातल्या अनेक उपकरणांची वाहतूक एकाच बाहेरच्या पत्त्यावरून चालवणे आणि बाहेरचा रस्ता दाखवणे ही कामे राउटरची असतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक घरगुती पेट्यांमध्ये ही दोन्ही कामे एकत्र असल्याने फरक लक्षात येत नाही; दुसऱ्या खोलीत रेंज पोहोचावी म्हणून आणखी एक पेटी जोडली की मात्र तो चांगलाच जाणवतो.

तपासाची सुरुवात सगळ्या पेट्या बंद-चालू करण्यापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडावा आणि तिथले दोन आकडे लिहून घ्यावेत: आपल्या उपकरणाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा आकडी पत्ता, आणि गेटवेचा, म्हणजे बाहेर जाण्यासाठी उपकरण ज्या पेटीकडे माहिती सोपवते तिचा, पत्ता. निम्मा तपास या दोन आकड्यांतच होऊन जातो.

उपकरण नेटवर्कमध्ये शिरले की 'मला कोणी पत्ता देईल का?' अशी हाक सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी देते. पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा त्यावर एक पत्ता देऊ करते, उपकरण तो मागून घेते आणि सेवा त्यावर मान्यतेची मोहर उठवते. घरातले असे पत्ते बहुधा १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होतात, कारण हे पट्टे खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. संगणकावर मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याचा अर्थ हाकेला कोणीच उत्तर दिले नाही आणि संगणकाने नाइलाजाने स्वतःच एक पत्ता धारण केला, असा होतो. पासवर्ड बरोबर आहे, रेडिओची जोडणी झालेली आहे, पण ॲक्सेस पॉइंटपासून राउटरपर्यंतची वाट बंद आहे किंवा राउटरची पत्ते वाटणारी सेवा झोपली आहे, हे एवढ्या एका आकड्यावरून कळते. वीज जाऊन आल्यावर ॲक्सेस पॉइंट राउटरच्या आधी सुरू झाला तरी थोडा वेळ असे होऊ शकते, आणि तेव्हा दोन-चार मिनिटे थांबून वायफाय पुन्हा जोडले की पुरते.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे पत्ता मिळतो, पण तो भलत्याच पेटीकडून मिळतो. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरला जात असेल, तर त्याची डीएचसीपी सेवा बंद करून केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या खाचेत, लावलेली असते. काही कारणाने त्याच्या सेटिंग मूळ अवस्थेला गेल्या की ही सेवा पुन्हा जागी होते आणि एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. समजा, मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि दुसऱ्या पेटीचा १९२.१६८.०.१. ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता उपकरण सहसा स्वीकारते. मग एकाच टेबलावर शेजारी ठेवलेल्या दोन मोबाइलपैकी एकावर व्हिडिओ सुरळीत चालतो आणि दुसऱ्यावर उद्गारचिन्ह लटकत राहते, कारण दुसऱ्याला गेटवे म्हणून १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळालेला असतो आणि त्या पेटीला बाहेरचा रस्ताच ठाऊक नसतो. दोन्ही मोबाइलवरचे गेटवेचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की रहस्य संपते; रेंज तपासत बसले तर ते कधीच उलगडत नाही. दोन्ही पेट्यांनी १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरला असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण आकडे सारखेच दिसतात आणि जोडणी क्षणात लागते, क्षणात तुटते. त्यावरचा उपाय दोन्ही बाबतींत एकच आहे: दुसऱ्या पेटीला केबलने एकटा संगणक जोडावा, तिचा पत्ता त्याच पट्ट्यातला पण मोकळा असा ठेवावा, तिची डीएचसीपी सेवा बंद करावी आणि मगच ती मुख्य राउटरला जोडावी.

कधी इंटरनेट एकदम न जाता एकेका उपकरणावरून जात राहते. डीएचसीपीने दिलेला पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीचा असतो, आणि नेहमीच्या रचनेत निम्मी मुदत उलटली की उपकरण नूतनीकरण मागते. मुदत २४ तासांची असेल तर १२ तासांनी पहिली मागणी होते. तिला उत्तर मिळाले नाही तरी मुदत संपेपर्यंत उपकरण जुन्याच पत्त्यावर काम करत राहते. त्यामुळे पत्ते वाटणारी सेवा सकाळीच बंद पडली तरी संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही, आणि मग एकेक उपकरण वेगवेगळ्या वेळी गळू लागते. अशा वेळी दोष मोबाइलला दिला जातो, हे ओघाने आलेच.

पत्ता आणि गेटवे दोन्ही ठीक असतील तर पुढची पायरी पिंगची. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम दिलेल्या पत्त्यावर एक संदेश पाठवतो आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळात परतला ते सांगतो. आधी गेटवेला पिंग करावे. तिथून उत्तर आले नाही तर दोष घरातच आहे असे धरून चालावे. गेटवे उत्तर देतो पण १.१.१.१ किंवा ८.८.८.८ यांसारखा बाहेरचा पत्ता देत नाही, तर अडचण राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या बाजूला आहे. मोबाइल आणि ॲक्सेस पॉइंट दोघेही सुटले. बाहेरचे आकडी पत्ते उत्तर देतात आणि तरीही नावाने एकही संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा संशय डीएनएसवर घ्यावा. नावाचे आकडी पत्त्यात रूपांतर करणारी ही यंत्रणा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली, आणि ती थांबली की रस्ता उघडा असूनही कुठे जायचे तेच उपकरणाला कळत नाही. राउटरमध्ये डीएनएसचा वेगळा पत्ता घालून पाहिल्यास खात्री लगेच होते.

केबलकडे सगळ्यात शेवटी लक्ष जाते, खरे तर ते बरेच आधी जायला हवे. इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून एखादी जोडी तुटली की काही वेळा जोडणी जात नाही, नुसती मंदावते. ज्या ॲक्सेस पॉइंटला वीजही याच केबलमधून मिळते, त्याच्याबाबत आणखी एक फसगत होते. काही रचनांमध्ये वीज ज्या दोन जोड्यांतून जाते, त्यांतून १०० मेगाबिटची माहिती जात नाही. तेव्हा माहितीची जोडी तुटली तरी दिवा छान लागतो आणि नेटवर्कचे नावही दिसते. वापरातली दुसरी केबल लावून पाहणे हा यावरचा सर्वात स्वस्त प्रयोग.

५ गिगाहर्ट्झवरचे नेटवर्क अधूनमधून नावासकट गायब होत असेल तर ते प्रकरण निराळे. त्या पट्ट्यातल्या काही चॅनेलवर रडारना अग्रक्रम असतो. रडारसारखा संकेत ऐकू आला की ॲक्सेस पॉइंटला ते चॅनेल सोडावे लागते आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर गेल्यास आधी किमान ६० सेकंद कान देऊन थांबावे लागते. चॅनेल बदलून निश्चित केले की हा त्रास सहसा मिटतो.

बंद-चालू करण्याने पुष्कळदा काम होते, हे खरेच आहे. स्मृतीत साचलेल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात, राउटर बाहेरच्या जोडणीचा पत्ता नव्याने मागतो, सगळी उपकरणे पुन्हा हाक देतात. ते करायचेच असेल तर आधी आकडे टिपून घ्यावेत आणि आधी राउटर, तो पूर्ण सुरू झाल्यावर ॲक्सेस पॉइंट, असा क्रम पाळावा. मागच्या छिद्रात टाचणी घालून बटण दाबून धरणे हा प्रकार मात्र पूर्णपणे वेगळा आहे: त्याने पेटी कारखान्यातून निघाली तशी कोरी होते, पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव जाते, आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून राबणारा जुना राउटर असेल तर त्याची बंद केलेली डीएचसीपी सेवाही पुन्हा सुरू होते.