पानगळीच्या अमेरिकी अझेलिया घरगुती बागेत येईपर्यंत

पूर्व अमेरिकेच्या जंगलांत वाढणाऱ्या पानगळीच्या अझेलिया (ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातील फुलझुडपे) सतराव्या शतकाच्या अखेरीसच इंग्लंडला पोहोचल्या होत्या आणि एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील गेंट शहरात त्यांच्या संकरातून बागेची वाणेही निघाली. मायदेशातील घरगुती बागांत मात्र त्यांना बराच काळ दुय्यम स्थान राहिले. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात जपानी कुरुमे अझेलिया मांडल्या गेल्या आणि पुढे त्यांच्यासारख्या सदाहरित जातींनी बाजार व्यापला.

याचे मुख्य कारण अभिवृद्धीत, म्हणजे नवी रोपे तयार करण्याच्या पद्धतीत होते. सदाहरित अझेलियाची छाट कलमे सहज मुळे धरतात. पानगळीच्या जातींची कलमे वसंतात फुटवा अगदी कोवळा असतानाच घ्यावी लागतात. शिवाय मुळे फुटल्यावरही हिवाळ्यापूर्वी नवी वाढ झाली नाही, तर पुढच्या वसंतात अनेक रोपांना पालवीच फुटत नाही. त्यामुळे जंगलातून झुडपे खणून आणण्याची वाईट प्रथा रुळली. बियांपासून वाढवण्याचा मार्ग संथ, पण जंगलाला धक्का न लावणारा आहे: धुळीसारखे बारीक बी ओलसर शेवाळावर, मातीने न झाकता, प्रकाशात पेरायचे आणि फुलांसाठी काही वर्षे थांबायचे.

बागकाम करणाऱ्यांना सर्वाधिक अडचणीत टाकणारा निर्णय १९९३ चा आहे. त्या वर्षीच्या शास्त्रीय पुनरावलोकनात दक्षिणेकडील ‘सेर्‍युलेटम’ आणि टेक्सासकडील ‘ऑब्लाँगिफोलियम’ या स्वतंत्र मानल्या गेलेल्या जाती ‘व्हिस्कोसम’ म्हणजे दलदली अझेलियात विलीन करण्यात आल्या. पाने, त्यांवरील लव आणि फुले यांच्या लक्षणांत सलग चढउतार आढळतो व स्पष्ट सीमारेषा आखता येत नाही, हा युक्तिवाद वनस्पतिसंग्रहातील वाळवून ठेवलेल्या नमुन्यांपुरता पटण्यासारखा आहे. पण या एका नावाखाली आता ईशान्येकडील मेन राज्यापासून फ्लोरिडा आणि टेक्सासपर्यंतची झुडपे येतात आणि त्यांची थंडी सोसण्याची ताकद व फुलण्याचा काळ सारखा नाही. ईशान्य अमेरिकेच्या थंड न्यू इंग्लंड भागातील ग्राहकाला याच नावाने फ्लोरिडाच्या बियांचे रोप मिळाले, तर ते तिथल्या हिवाळ्यात तगण्याची शाश्वती नाही. काही रोपवाटिका आजही जुनी नावे लावतात, ती केवळ सवय म्हणून नव्हे. त्या नावांत मूळ प्रदेशाची माहिती टिकून राहते. विलीनीकरण मान्य करूनही बियांचे मूळ ठिकाण लेबलवर लिहिण्याचा आग्रह तेव्हाच धरला गेला असता, तर हा वाद इतका चिघळला नसता.

विलीनीकरणाबरोबरच नव्या जाती वेगळ्या काढण्याची प्रक्रियाही थांबलेली नाही. १९९९ मध्ये साउथ कॅरोलायनातून ‘ईस्टमॅनी’ ही जात नव्याने वर्णिली गेली. तिची सुगंधी पांढरी फुले पाने आल्यावर, मे महिन्याच्या सुमारास उमलतात. शिवाय यांतील बऱ्याच जाती आपसात सहज संकरित होतात. त्यामुळे अनेक जाती शेजारी लावलेल्या बागेतील मुक्त परागणाचे बी पेरले, तर येणारे रोप मातृवृक्षाच्या जातीचे असेलच असे नाही, आणि शुद्ध जात हवी असणाऱ्याने फुले हाताने परागित करून झाकून ठेवणेच योग्य.