व्हर्च्युअल टूरचा धंदा: एक शब्द, तीन वस्तू आणि मूळ फाइल

घर विकताना 'टूर करून द्या' म्हणणारा एजंट आणि ते काम अंगावर घेणारा फोटोग्राफर बरेचदा दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. दर ठरताना हे कळत नाही, काम हातात पडल्यावर कळतं. हा घोळ शब्दाच्या जन्मापासूनचा आहे. १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या डडली किल्ल्यात पर्यटकांसाठी संगणकावरची एक फेरी सुरू झाली. किल्ला १५५० च्या सुमारास कसा दिसत असेल ते त्यात दाखवलं होतं. 'व्हर्च्युअल टूर' हे नाव लागलेल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हे एक. त्याचा गाभा त्रिमित मॉडेलचा होता, फोटोचा नव्हे. पुढच्याच वर्षी क्विकटाइम व्हीआर हे फोटो जोडून फिरतं दृश्य दाखवणारं सॉफ्टवेअर आलं आणि तोच शब्द फोटोंना चिकटला.

क्विकटाइम व्हीआरचा पॅनोरामा, म्हणजे जोडलेल्या फोटोंचं सलग चौफेर चित्र, सिलिंडरच्या आकाराचा असे. कॅमेरा ट्रायपॉडवर उभा लावायचा, गोल फिरवत बारा ते अठरा फोटो घ्यायचे, फिल्म धुऊन स्कॅन करायची आणि मग जोडणी. डावी-उजवीकडे मनसोक्त फिरता येई, पण छत आणि फरशी दिसत नसे. ती सोय २००१ मध्ये घनाकृती पॅनोरामा आल्यावर झाली. त्या काळातली एक शिकवण मात्र अजून जशीच्या तशी लागू आहे. कॅमेरा नुसता ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवला, तर जवळची दाराची चौकट मागच्या भिंतीवर पुढे-मागे सरकते आणि सांधा जुळत नाही. फिरण्याचा अक्ष लेन्समधल्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या दिसणाऱ्या जागेतून जायला हवा. धंद्यात याला सर्रास 'नोडल पॉइंट' म्हणतात. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने ते नाव चूक आहे, पण आता ते बदलेल असं वाटत नाही. तपासणी सोपी आहे: एक काठी जवळ, एक लांब, दोन्ही एका रेषेत उभ्या करायच्या आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवायचा. काठ्या एकमेकींआड राहिल्या तर पॅनो हेडची (ट्रायपॉडवर कॅमेरा फिरवणाऱ्या जोडणीची) सरकपट्टी बरोबर लागली. नाहीतर ती काही मिलिमीटर पुढे-मागे करायची आणि आकडा लिहून ठेवायचा.

या सगळ्या खटाटोपाला बगल देणारी कल्पना म्हणजे पाठीला पाठ लावलेले फक्त दोन फिशआय (जवळपास अर्धा गोल एकाच चित्रात पकडणाऱ्या लेन्सचे) फोटो. १९९९ चा निकॉनचा कूलपिक्स ९५० कॅमेरा आणि त्यावर बसणारी १८३ अंशांची एफसी-ई८ लेन्स ही जोडी त्यासाठी पुरेशी होती: एक फोटो समोर, एक मागे, तीन अंशांचा सामायिक पट्टा, झाली खोली. मात्र फिशआय चित्र सरळ करून दाखवण्याचं पेटंट एका अमेरिकन कंपनीकडे होतं आणि ती तयार पॅनोरामामागे पैसे घेई. फोटोग्राफरने पॅनोरामासाठी 'की' विकत घ्यायची, तेव्हा कुठे तो उघडणार. याच कंपनीने २००० मध्ये घरविक्रीच्या टूर बनवणारी एक मोठी कंपनी स्वतःत विलीन करून घेतली. कॅमेरा तुमचा, मेहनत तुमची आणि चित्र उघडण्याचा हक्क दुसऱ्याचा, ही मांडणी या धंद्यात तेव्हाच रुजली.

दुसऱ्या बाजूला १९९८ मध्ये एका जर्मन प्राध्यापकाने पॅनोरामा टूल्स हे फोटो जोडणारं मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिलं होतं. पेटंटधारकाच्या कायदेशीर दबावामुळे त्यात फिशआयच्या कोनावर १६० अंशांची मर्यादा घालावी लागली. १६० अंशांच्या दोन चित्रांनी ३६० अंश भरत नाहीत, म्हणजे दोन फोटोंची पद्धत त्यातून बाद. मर्यादा काढलेल्या प्रती अर्थात हातोहात फिरल्या. सोर्स कोड खुला असल्यामुळे हगिनसारखी फोटो जोडायची साधनं त्याच पायावर उभी राहिली. पेटंटवाली कंपनी २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली. गंमत अशी, की त्या बंदीमुळे रूढ झालेली तीन-चार फोटोंची पद्धत गुणवत्तेत सरस निघाली. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरवर ८ मिमीची फिशआय उभी लावून ९० अंशांवर चार फोटो, शिवाय ट्रायपॉड झाकायला फरशीचा एक. खिडकीबाहेरचं ऊन आणि आतला अंधार सांभाळायचा तर प्रत्येक दिशेला दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) फरकाने तीन एक्स्पोजर. म्हणजे एका जागेवर चारही दिशांचे मिळून बारा फोटो. व्हाइट बॅलन्स, फोकस आणि अॅपर्चर सगळं हाताने पक्कं केलेलं. यातलं काही ऑटोवर राहिलं, की सांध्यावर भिंतीचा रंग बदलतो.

दोन लेन्सची कल्पना २०१३ पासून रिको थीटा या कॅमेऱ्याच्या रूपाने परतली, आता एकाच डबीत आणि एका क्लिकवर. घरविक्रीत ती खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली ती २०१५ च्या थीटा एसपासून. मेगापिक्सलच्या जाहिराती बाजूला ठेवून एका अंशाला किती पिक्सल मिळतात तेवढं पाहावं. कूलपिक्सच्या काळात १२०० पिक्सलच्या वर्तुळात १८३ अंश, म्हणजे फार तर साडेसहा. थीटा एसचं चित्र ५३७६ × २६८८, म्हणजे अंशाला सुमारे पंधरा. २०१९ च्या थीटा झेड१ मध्ये एक इंची सेन्सर आणि ६७२० पिक्सल रुंदी, म्हणजे पावणेएकोणीसच्या आसपास. आता पाहणाऱ्याचा स्क्रीन १९२० पिक्सल रुंद आणि दृश्य ८० अंशांचं धरा: गरज अंशाला २४ ची, म्हणजे चित्र ८६४० पिक्सल रुंद हवं. पूर्ण स्क्रीनवर एका क्लिकचं चित्र मऊ का दिसतं, हे यात आलं. महागड्या घरांसाठी पॅनो हेड अजून कपाटातून बाहेर निघतं ते यासाठीच.

दोन लेन्सच्या कॅमेऱ्याच्या चुकाही ठरलेल्या. लेन्स एकमेकींपासून थोड्या दूर असल्यामुळे साधारण मीटरभराच्या आतली वस्तू सांध्यावर आली, की खुर्चीची पाठ तुटलेली दिसते. म्हणून एक लेन्स खोलीच्या मुख्य दृश्याकडे रोखायची आणि सांधा मोकळ्या भिंतीवर पाडायचा. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदना) १०० वर ठेवून ब्रॅकेटिंग, म्हणजे त्याच जागेवरून कमी-जास्त प्रकाशाचे फोटो, करावं. दीड मीटर उंचीचा सडपातळ स्टँड घ्यावा, टायमर लावून दाराआड व्हावं आणि तिथून आपण आरशात दिसत नाही ना, ते आधी बघावं. मग फाइलचा प्रश्न. २०१२ पासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार फोटोच्या एक्सएमपी माहितीत (फाइलच्या आत लिहिलेल्या नोंदींत) 'हे इक्विरेक्टँग्युलर चित्र आहे', म्हणजे चौफेर दृश्य सपाट चौकटीत पसरलेलं आहे, अशी नोंद असते. मेसेजिंग अॅपमधून पाठवलं किंवा चुकीच्या सेटिंगने एक्स्पोर्ट केलं, की ती नोंद गळते आणि ग्राहकाला ताणलेली सपाट पट्टी दिसते. फोटो खराब झालेला नसतो. नोंद परत लिहिली, की काम होतं.

२०१४ मध्ये अवरक्त किरणांनी समोरच्या वस्तूंचं अंतर मोजणारा कॅमेरा बाजारात आला आणि तेव्हापासून 'टूर' या शब्दाची खरी ओढाताण सुरू झाली. तोवर दोन अर्थ होतेच. पहिला म्हणजे संगीतावर सरकणाऱ्या फोटोंचा स्लाइड शो. त्याला टूर म्हणायचं काहीच कारण नव्हतं. पण घरांच्या ऑनलाइन याद्यांमध्ये 'टूर'च्या लिंकसाठी एकच रकाना असे आणि तो भरला, की घरापुढे टूरची खूण दिसे. मग जे हाताशी असेल ते तिथे टाकलं जाई. दुसरा अर्थ, एकमेकांना हॉटस्पॉटने (क्लिक करायच्या खुणांनी) जोडलेले ३६० अंशांचे पॅनोरामा. तिसरा आता आला: प्रत्येक बिंदूचं अंतर मोजून बनलेलं मॉडेल, वरून बाहुलीच्या घरासारखं दिसणारं, ज्यात भिंतीची लांबी मोजता येते. तिन्हींचे कष्ट वेगळे, दर वेगळे, नाव एकच. त्यात '३डी टूर' हे लेबल दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही प्रकारांवर लागलं.

फरक ओळखायची खूण आहे. एका जागेवरून दुसरीकडे जाताना चित्र विरून नवं येत असेल, तर ते जोडलेले पॅनोरामा. भिंती आणि फर्निचर सरकत, आकार घेत पुढे येत असतील, तर खाली मॉडेल आहे. मोजणाऱ्या कॅमेऱ्यात साधारण एक टक्का चूक धरतात. चार मीटरच्या भिंतीवर ती चार सेंटिमीटर होते. सोफा मावेल का ते ठरवायला पुरेशी, पण कपाट बनवून घ्यायला मुळीच नाही. २०१९ पासून साध्या ३६० फोटोवरून अंतराचा अंदाज बांधून मॉडेल देणं सुरू झालं. दिसायला ते तसंच असतं, चूक मात्र बरीच जास्त. आणि विक्रीच्या पानावर हा फरक सहसा सांगितला जात नाही, ही खरी तक्रार आहे.

मोजणाऱ्या कॅमेऱ्याचं काम वेगळ्या शिस्तीचं. दोन थांब्यांमध्ये (कॅमेरा उभा करायच्या जागांमध्ये) दीड ते अडीच मीटर अंतर ठेवायचं, दारं आधीच उघडून ठेवायची आणि स्कॅन चालू झाल्यावर ती हलवायची नाहीत. अवरक्त सेन्सर थेट उन्हात आंधळा होतो, त्यामुळे बाल्कनी संध्याकाळी. आरसे आणि काचा अॅपमध्ये खूण करून सांगाव्या लागतात, नाहीतर आरशामागे एक भुताची खोली तयार होते. एकसारख्या लांब कॉरिडॉरमध्ये नवा स्कॅन चुकीच्या जागी बसतो; तिथे एखादी खुर्ची ठेवून वेगळेपणा आणावा. या पद्धतीत मॉडेल सहसा कंपनीच्याच सर्व्हरवर राहतं आणि वर्गणी थांबली, की टूर बंद. दर पॅनोरामाच्या 'की'चा हा नवा अवतार.

स्वतःच्या सर्व्हरवर टूर ठेवणाऱ्यांना धक्का दुसरीकडून बसला. २०१० च्या आसपास फ्लॅशमध्ये (ब्राउझरला वेगळा प्लेअर लागणाऱ्या तंत्रात) बनलेल्या टूर आयपॅडवर उघडेनात. असा प्लेअर न लागता ब्राउझरमध्येच त्रिमित दृश्य दाखवणारं वेबजीएल २०११ मध्ये आलं तरी जुन्या फाइल तशाच राहिल्या. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने ते चालवणंच बंद केलं. ज्यांच्याकडे मूळ इक्विरेक्टँग्युलर चित्रं जपलेली होती त्यांनी ती नव्या व्ह्यूअरमध्ये घालून टूर परत उभ्या केल्या. ज्यांनी फक्त तुकडे केलेल्या टाइल्स ठेवल्या होत्या त्यांना आधी चित्रं परत जोडावी लागली.

मार्केटिंगचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर टूरचा पहिला गिऱ्हाईक घर घेणारा नव्हता, एजंट होता. 'तुमच्या घराची टूर करू' असं सांगून विक्रेत्याकडून काम मिळवायचं, हा त्याचा उपयोग. एजंटचं नाव-फोन असलेली एक आणि बिननावाची एक, अशा दोन प्रती देण्याची पद्धत त्यातूनच आली, कारण कित्येक याद्यांना नावाची प्रत चालत नाही. २०२० च्या टाळेबंदीत पाहणारा पहिल्यांदा खरा गिऱ्हाईक झाला. तेव्हा उघडं पडलं, की सुरुवातीलाच फोन नंबर मागणारा फॉर्म माणसं पळवून लावतो. तो चार-पाच खोल्या बघून झाल्यावर आलेला बरा. दोन बेडरूमच्या घराला आठ ते बारा थांबे पुरतात. पहिलं दृश्य बाहेरच्या दाराचं नको, बैठकीच्या खोलीचं, तेही प्रकाशाच्या दिशेला वळवून लावलेलं. कुटुंबाचे फोटो, औषधं, टेबलावरची कागदपत्रं चित्रणाआधी हलवावीत. नंतर ब्लर करत बसणं प्रत्येक थांब्यावर वेगळं काम होतं.

२०२३ पासून गॉशियन स्प्लॅटिंग आलंय. साध्या व्हिडिओतून लाखो धूसर ठिपक्यांची खोली तयार होते आणि त्यात मोकळेपणी फिरता येतं. काच आणि झिलई इथे मॉडेलपेक्षा खरी दिसते, पण व्हिडिओत न आलेले कोपरे धुरकट राहतात आणि मापं आपोआप मिळत नाहीत. फाइलचे प्रकारही अजून स्थिर नाहीत. त्यामुळे जाणती मंडळी तयार स्प्लॅटसोबत मूळ व्हिडिओही जपून ठेवतात, आणि कंत्राटात 'टूर' न लिहिता पॅनोरामा, मॉडेल की स्प्लॅट ते लिहितात. सोबत मूळ फाइल कोणाकडे राहणार आणि होस्टिंग किती महिने, हेही.