कोल्हापूरच्या आमदाराचं मत १७५ चं का?

कोल्हापूर जिल्ह्यातून विधानसभेवर दहा आमदार जातात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र या दहा जणांची मतं दहा धरत नाहीत, १,७५० धरतात. प्रत्येकाचं मत १७५ चं. इचलकरंजीचा आमदार असो, चंदगडचा असो की मुंबईतला, महाराष्ट्रात सगळ्यांचं १७५. सिक्कीमच्या आमदाराचं ७ आणि उत्तर प्रदेशातल्या आमदाराचं २०८.

हा हिशेब संविधानाच्या अनुच्छेद ५५ मध्ये दिलेला आहे. राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येनं भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजारानं. लोकसंख्या घ्यायची ती १९७१ च्या जनगणनेची. तेव्हा महाराष्ट्रात ५,०४,१२,२३५ माणसं होती. २८८ नं भागलं की एका आमदारामागे साधारण १,७५,०४२ माणसं येतात, हजारानं भागल्यावर १७५. बाकी ५०० किंवा त्याहून जास्त उरली तर एक वाढवायचा, कमी उरली तर सोडून द्यायची. सिक्कीमच्या आमदाराला ६ ऐवजी ७ मिळतात ते या नियमामुळेच.

खासदारांचं मत काढायची पद्धत त्याहून देखणी आहे. देशभरातल्या सगळ्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करायची आणि निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं भागायची. २०२२ मध्ये ती बेरीज ५,४३,२३१ होती आणि खासदार ७७६, म्हणून एका खासदाराचं मत ७०० चं झालं. खासदारांची एकूण बेरीज ५,४३,२००. राज्यं एका पारड्यात, संसद दुसऱ्यात, आणि फरक अवघ्या ३१ चा! आधीच्या निवडणुकीत खासदाराचं मत ७०८ चं होतं. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती, त्यामुळे राज्यांचं पारडं हलकं झालं आणि त्याच मापानं संसदेचंही आपोआप खाली आलं.

मतदार फक्त निवडून आलेले. विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही, नामनियुक्त खासदारांनाही नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातले संभाजीराजे २०१६ मध्ये राष्ट्रपतींच्या नियुक्तीनं राज्यसभेत गेले. २०१७ ची राष्ट्रपती निवडणूक त्यांच्याच कार्यकाळात झाली, पण त्यात त्यांना मत नव्हतं. मला हा नियम फार योग्य वाटतो. राष्ट्रपतींनी नेमलेल्यांनीच पुढचा राष्ट्रपती निवडावा, अशी वाट संविधानानं उघडी ठेवलेली नाही.

मोजणीचं गणित याच्याही पुढचं आहे. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. वैध मतमूल्याच्या निम्म्यात एक मिळवला की कोटा तयार. पहिल्या पसंतीत कुणीच कोटा गाठला नाही तर सर्वांत कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. १९६९ मध्ये हे खरोखर घडलं. कोटा ४,१८,१६९ चा होता. व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९. हेच ते देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. ते बाद झाल्यावर त्यांच्या पत्रिका मोठ्या संख्येनं रेड्डींकडे गेल्या. गिरी आणि रेड्डी यांच्यातलं ८७,९६७ चं अंतर आकसून १४,६५० वर आलं. गिरी ४,२०,०७७ वर थांबले, म्हणजे कोट्याच्या जेमतेम १,९०८ वर. स्वतः हरलेल्या उमेदवाराच्या मतपत्रिकांनी निकाल जवळजवळ फिरवला होता. पसंतीक्रमाच्या पद्धतीत किती ताकद आहे, हे समजून घ्यायला एवढी एक निवडणूक पुरे.

आता प्रश्न असा, की ज्या पदाला ‘नामधारी’ म्हणतात त्याच्यासाठी एवढं मोजमाप कशाला? कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या नावानं चालते, सेनादलांचं सर्वोच्च अधिपत्य त्यांच्याकडे असतं. पण ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत स्पष्ट केलं होतं, की राष्ट्रपती राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतील, राज्य करणार नाहीत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असल्याचं लिहूनच टाकलं. ४४ वीनं एक फट ठेवली. सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो, दुसऱ्यांदा आला की मानावा लागतो.

कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण घेऊ. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर, सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. त्यासाठी राष्ट्रपतींची सही लागली नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ नुसार मुख्य न्यायमूर्तींना राज्यपालांच्या मान्यतेनं ते करता येतं. कायम खंडपीठ हवं असेल तर मात्र त्याच कलमाखाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादला तो १९८४ मध्ये मिळाला. उद्या कोल्हापूरसाठी असा आदेश निघाला तर त्याखाली नाव राष्ट्रपतींचं असेल, निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा.

तरीही ती फट लहान समजू नये. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला के. आर. नारायणन यांनी परत पाठवला, आणि सरकारनं तो सोडून दिला. २००६ मध्ये डॉ. कलाम यांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत केलं. संसदेनं ते तसंच पुन्हा मंजूर केल्यावर त्यांनी सही केली. १९८६ च्या टपाल विधेयकावर ग्यानी झैलसिंग यांनी तर सहीच केली नाही, कारण सही किती दिवसांत करावी हे अनुच्छेद १११ सांगत नाही. अशा वेळी राष्ट्रपती सरकारसमोर उभे राहतात ते साऱ्या राज्यांचं वजन मोजून निवडले गेलेले म्हणून. माझ्या मते त्या गणिताची खरी गरज इथं आहे.

आणि म्हणूनच पुढचा वाद मला गंभीर वाटतो. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनापासून राबवलं त्यांचं वजन घटू नये, म्हणून १९७१ चा आकडा गोठवला गेला. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनं तो २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत कायम केला. तो उठला तर काय होईल, हे आमदारसंख्या आजचीच धरून २०११ च्या लोकसंख्येवर पाहता येतं. आपल्या आमदाराचं मत ३९० चं होईल, उत्तर प्रदेशचं ४९६, केरळचं २३९. आज तामिळनाडूचा आमदार १७६ चा, म्हणजे आपल्यापेक्षा एकानं पुढे. नव्या हिशेबात तो ३०८ वर येतो, ८२ नं मागे. उत्तर प्रदेशचं मत आज केरळच्या १५२ च्या सुमारे १.४ पट आहे, ते दुपटीच्या वर जाईल. कोल्हापूरच्या दहा आमदारांचे १,७५० तेव्हा ३,९०० होतील. ती वाढ तामिळनाडू आणि केरळनं लोकसंख्या आवरल्याची किंमत देऊन यावी का, हे संसदेला लवकरच ठरवावं लागेल.