खरखर आणि एक अडकलेला इलेक्ट्रॉन

अँप्लिफायरला काहीही न लावता आवाज फुल केला की स्पीकरमधून बारीक 'स्स्स' ऐकू येतं. लगेच लोक लूज कनेक्शन नाहीतर डुप्लिकेट पार्ट म्हणून मोकळे! चांगल्या डिझाइनने ते कमी होतं, शून्य होत नाही. बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या जॉन्सनने १९२८ साली दाखवलं की रेझिस्टर नुसता पडून असला तरी त्याच्या टोकांमधलं व्होल्टेज सारखं वरखाली होत असतं, कारण आतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे धावपळ करत असतात. खोलीच्या तापमानाला १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि २० किलोहर्ट्झचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा धरला तर हे वरखाली होणं साधारण १८ मायक्रोव्होल्ट, मग रेझिस्टर कितीही भारीतला घ्या. (असल्या खरखरीत मेलेल्यांचे आवाज सापडले म्हणणारेही आहेत. तासन्‌तास ऐकत बसलं तर काहीही ऐकू येतं.)

पण खरी गंमत मॉसफेटमध्ये, म्हणजे चिपमध्ये असतात त्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये आहे. गेट (करंट किती जाऊ द्यायचा ते ठरवणारं टोक) आणि सिलिकॉनच्या मधल्या ऑक्साइडच्या पातळ थरात अणूंची मांडणी कुठे कुठे बिघडलेली असते, त्या जागांना ट्रॅप म्हणतात. खालच्या चॅनेलमधून, म्हणजे सिलिकॉनमधल्या करंटच्या वाटेने जाणारा एखादा इलेक्ट्रॉन टनेलिंगने (क्वांटम नियमांमुळे अडथळ्याच्या आरपार जाऊन) ट्रॅपमध्ये शिरतो आणि अडकतो, तो तिथे असेपर्यंत जवळून जाणाऱ्या बाकीच्या इलेक्ट्रॉनना ढकलत राहतो, करंट किंचित पडतो, तो सुटला की करंट परत वर. ट्रान्झिस्टर पुरेसा छोटा असेल तर स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) हे चक्क दिसतं: सपाट रेघ, खट्‌कन पायरी खाली, थोडा वेळ तिथेच, मग पुन्हा वर. एका इलेक्ट्रॉनचं येणंजाणं! पुढची उडी नक्की कधी, ते कोणीच सांगू शकत नाही, सरासरी तेवढी काढता येते आणि ती गेट व्होल्टेज नि तापमानाप्रमाणे बदलते.

मोठ्या ट्रान्झिस्टरमध्ये असे ढीगभर ट्रॅप असतात. ट्रॅप जितका खोल तितका टनेलिंगला वेळ जास्त, तोही एक्स्पोनेन्शियली, म्हणजे कुणी मायक्रोसेकंदात उडी मारतो तर कुणी काही सेकंदांनी, आणि या सगळ्या पायऱ्यांची बेरीज केली की फ्लिकर नॉइज (नॉइज म्हणजे अशी खरखर) मिळतो, ज्याची पॉवर फ्रिक्वेन्सी कमी होईल तशी वाढत जाते.

कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलला असा छोटा ट्रान्झिस्टर असतो. आधी रिकामं रीडिंग, मग प्रकाशाचं, आणि दोन्हींची वजाबाकी, यात बराच नॉइज निघून जातो. पण इलेक्ट्रॉनने नेमकी त्या दोन रीडिंगच्या मध्येच उडी मारली तर वजाबाकी चुकते, आणि अंधारातल्या व्हिडिओत तो एकच पिक्सेल लुकलुकत बसतो. लेन्स पुसून काही फायदा नाही.